ब्राउझरमधील सुरक्षा प्रमाणपत्राचा इशारा

सुरक्षा प्रमाणपत्राचा इशारा म्हणजे, ज्या संकेतस्थळाशी जोडणी होत आहे ते खरोखर तेच संकेतस्थळ आहे याची खात्री न पटल्यास ब्राउझर अर्थात न्याहाळक पानाऐवजी दाखवतो ती सूचना होय. क्रोममध्ये ती ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ अशा आशयाची असते, तर फायरफॉक्स पुढे संभाव्य सुरक्षाधोका असल्याचे सांगतो. हा इशारा विषाणू सापडल्याचा नसतो आणि संकेतस्थळ बंद असल्याचाही नसतो. समोरच्याने दाखवलेले ओळखपत्र पटत नाही, एवढेच ब्राउझर सांगत असतो. ते का पटत नाही याचा उलगडाही बहुधा त्याच पानावर असतो, परंतु ‘प्रगत’ या बटणाखाली तो दडलेला असल्यामुळे न वाचताच पुढे जाण्याची सवय कार्यालयांतून सर्रास आढळते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात क्रोमचे वापरकर्ते असे सुमारे ७० टक्के इशारे ओलांडून पुढे गेल्याचे आढळले होते. फायरफॉक्सच्या बाबतीत हेच प्रमाण ३३ टक्के होते.

कार्यालयीन नेटवर्कवर हा इशारा घरच्यापेक्षा अधिक वेळा भेटतो. त्याची कारणे तीन ठिकाणी असू शकतात : आपला संगणक, कार्यालयाचे नेटवर्क किंवा ते संकेतस्थळ. कारण कोठे आहे हे ठरवल्याशिवाय केलेली दुरुस्ती बहुधा इशारा दडवते, दोष तसाच राहतो.

प्रमाणपत्र म्हणजे काय

मराठीत प्रमाणपत्र म्हटले की दाखला आठवतो, आणि येथे ती तुलना बरीच दूरवर चालते. कोल्हापूर जिल्ह्यातील विद्यार्थी निपाणीला किंवा बेळगावला, म्हणजे दुसऱ्या राज्यात, शिकायला निघाला की त्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांच्या सहीखाली शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेतली जाते. निपाणीच्या शाळेला कोल्हापुरातील मुख्याध्यापकांची सही ओळखता येत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांचे पद व शिक्का मात्र तिला मान्य असतो. त्या मान्यतेच्या आधारे ती शाळा न पाहिलेल्या मुख्याध्यापकांवर आणि त्यांच्यामार्फत न पाहिलेल्या विद्यार्थ्यावर विश्वास ठेवते.

संकेतस्थळाचे प्रमाणपत्रही असेच साखळीने सिद्ध होते. त्यात संकेतस्थळाचे नाव, त्याची सार्वजनिक कळ, वैधतेच्या आरंभाची व अखेरची तारीख आणि ते देणाऱ्या संस्थेचे नाव असते. त्यावर एका मध्यस्थ प्रमाणपत्राच्या खासगी कळीने अंकीय स्वाक्षरी केलेली असते. त्या मध्यस्थ प्रमाणपत्रावर मूळ प्रमाणपत्राची स्वाक्षरी असते. मूळ प्रमाणपत्रांची यादी संगणकप्रणालीत किंवा ब्राउझरमध्ये आधीपासून साठवलेली असते. तिला विश्वासयादी म्हणता येईल. साखळी या यादीतील एखाद्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत पोहोचली, नाव जुळले आणि आजची तारीख मुदतीत बसली, तरच पान उघडते. यांपैकी एक गोष्ट जरी चुकली तरी इशारा येतो.

दाखल्याची तुलना एका ठिकाणी मात्र संपते. दाखल्यावर विद्यार्थ्याची वर्तणूक लिहिलेली असते. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर तसे काही नसते. ठकसेनांची बनावट संकेतस्थळेही स्वतःच्या नावाचे वैध प्रमाणपत्र सहज मिळवतात. अशा ठिकाणी इशारा येत नाही, कारण नाव खरेच त्यांचे असते. पत्त्याच्या पट्टीतील कुलूप म्हणजे सचोटीची हमी, असा गैरसमज वाढल्यामुळे क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ११७व्या आवृत्तीपासून कुलपाचे चिन्ह काढून त्याजागी दुसरे तटस्थ चिन्ह ठेवले.

इशाऱ्याचे वाचन

इशाऱ्याच्या पानावर बारीक अक्षरांत एक संकेतनाम असते. ते लिहून घेणे ही निदानाची पहिली पायरी होय. कार्यालयात संगणक सांभाळणाऱ्याला ‘साइट उघडत नाही’ असे सांगण्यापेक्षा हे संकेतनाम सांगितल्यास निम्मे काम होते.

क्रोम व एज या ब्राउझरांत ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ असे आल्यास तारखेचा दोष असतो : प्रमाणपत्राची मुदत संपली आहे किंवा संगणकाचे घड्याळ चुकले आहे. ‘सर्ट कॉमन नेम इनव्हॅलिड’ म्हणजे प्रमाणपत्र आहे, पण ते या नावाचे नाही. ‘सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ म्हणजे प्रमाणपत्र देणारी संस्था विश्वासयादीत नाही. फायरफॉक्स याच अर्थाने ‘अननोन इश्युअर’ म्हणतो. ‘सर्ट रिव्होक्ड’ म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्याने ते मागे घेतले आहे, आणि हा प्रकार गंभीर मानावा.

संकेतनामानंतर प्रमाणपत्रच उघडून पाहावे. इशाऱ्याच्या पानावरील पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर टिचकी मारली असता प्रमाणपत्राचा तपशील पाहता येतो. त्यातील ‘कोणी दिले’ ही ओळ सर्वांत बोलकी असते. तेथे एखाद्या परिचित प्रमाणन संस्थेऐवजी कार्यालयातील फायरवॉलचे, विषाणूरोधक आज्ञावलीचे किंवा राउटर बनवणाऱ्या कंपनीचे नाव दिसले, तर दोष संकेतस्थळाचा नसून वाटेतला आहे हे लगेच कळते.

कारण कोठे आहे

निदानाची सर्वांत उपयुक्त चाचणी कोणतीही आज्ञावली न वापरता करता येते. तोच पत्ता शेजारच्या संगणकावर उघडून पाहावा. नंतर मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडून पाहावा. इशारा एकाच संगणकावर येत असेल तर दोष त्या संगणकाचा. कार्यालयातील सर्व संगणकांवर येतो पण मोबाइल डेटावर येत नाही, तर दोष कार्यालयाच्या नेटवर्कचा. मोबाइल डेटावरही येत असेल तर दोष बहुधा संकेतस्थळाचा. मग कार्यालयात काहीही बदलू नये, संकेतस्थळाच्या चालकांना कळवावे आणि थांबावे.

उलट बाजूने आणखी एक प्रश्न विचारावा : इशारा एकाच संकेतस्थळावर येतो की सगळ्यांवर? सगळीकडे येत असेल तर घड्याळ, फायरवॉल किंवा विषाणूरोधक यांपैकी एकाकडे संशय जातो. जगातील सर्व संकेतस्थळे एकाच सकाळी बिघडत नाहीत.

घड्याळ

एकाच संगणकावर सगळीकडे इशारे येऊ लागले की प्रथम उजव्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या बॅटरीवर चालते. ही बहुधा सीआर २०३२ जातीची, ३ व्होल्टची असते आणि काही वर्षांनी संपते. विजेचा पुरवठा चालू असेतोवर ती संपल्याचे लक्षात येत नाही. पुरवठा तुटला की घड्याळ मदरबोर्डच्या मूळ तारखेवर, कधी दहा-पंधरा वर्षे मागे जाते. मग आजचे प्रत्येक प्रमाणपत्र त्या संगणकाच्या लेखी अजून लागूच झालेले नसते, आणि बँकेपासून ईमेलपर्यंत सर्वत्र इशारे दिसू लागतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील पंचगंगेच्या महापुरांसारख्या प्रसंगी, जेव्हा शहराच्या पूरग्रस्त भागांत कित्येक दिवस वीज नसते, तेव्हा पाण्यापासून वाचलेल्या जुन्या संगणकांतही हा दोष उद्भवू शकतो. त्यावर उपाय म्हणजे बॅटरी बदलणे. घड्याळ हाताने लावले तर ते पुढच्या वीजखंडापर्यंतच टिकते.

विंडोज आपले घड्याळ इंटरनेटवरील वेळसेवेशी जुळवून घेते, परंतु स्वतंत्र संगणकावर मूळ मांडणीनुसार चूक १५ तासांहून अधिक असल्यास ते आपोआप दुरुस्त करीत नाही. म्हणून वर्षे मागे गेलेले घड्याळ आधी हाताने जवळपास आणावे लागते. वेळक्षेत्रही तपासावे. घड्याळाचे आकडे बरोबर दिसत असले तरी क्षेत्र भारताऐवजी दुसरे निवडलेले असेल, तर संगणकाच्या मते जागतिक वेळ काही तासांनी चुकते. नुकत्याच दिलेल्या किंवा आजच संपणाऱ्या प्रमाणपत्रांच्या बाबतीत तेवढा फरक पुरतो.

कार्यालयातील सर्व संगणक एका मुख्य सर्व्हरवरून वेळ घेत असतील आणि तोच चुकला असेल, तर सर्वांवर एकदम इशारे येतात. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांद्वारे संस्थांना आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळसेवांशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सेवांशी, जोडण्यास सांगितले आहे.

नेटवर्कमधील कारणे

कार्यालये, महाविद्यालये आणि बँकांच्या शाखांतून इंटरनेटच्या तोंडाशी फायरवॉल बसवलेली असते. कूटबद्ध वाहतुकीत काय आहे हे तिला एरवी दिसत नाही. ते दिसावे म्हणून काही फायरवॉल मध्यस्थाची भूमिका घेतात : संकेतस्थळाशी त्या स्वतः जोडणी करतात, मजकूर उलगडून तपासतात, आणि कर्मचाऱ्याच्या ब्राउझरला त्या संकेतस्थळाच्या नावाचे, पण स्वतः स्वाक्षरी केलेले नवे प्रमाणपत्र दाखवतात. फायरवॉलचे मूळ प्रमाणपत्र ज्या संगणकांच्या विश्वासयादीत आधी घातलेले असते तेथे काही जाणवत नाही. नवा संगणक, पाहुण्याचा मोबाइल किंवा लेखापरीक्षकांचा लॅपटॉप या नेटवर्कवर आला की मात्र प्रत्येक पानावर ‘ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ येते. तांत्रिकदृष्ट्या ब्राउझर येथे चुकत नाही. कोणीतरी मध्ये आहेच.

फायरफॉक्सची विश्वासयादी विंडोजपेक्षा वेगळी असल्यामुळे अनेक वर्षे ‘क्रोममध्ये उघडते, फायरफॉक्समध्ये नाही’ अशी तक्रार होत असे. नोव्हेंबर २०२३ मधील १२०व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स विंडोजच्या यादीत संस्थेने घातलेली मूळ प्रमाणपत्रे आपोआप मानतो.

अशा तपासणीत किती जोखीम असते याचे एक बोधक उदाहरण भारतातीलच आहे. अहमदाबादेत विकसित झालेली सायबरोम ही फायरवॉल देशातील अनेक संस्थांत वापरात होती. २०१२ साली जॉर्डनमधील एका वापरकर्त्याला टॉर प्रकल्पाच्या संकेतस्थळावर इशारा दिसला. त्याने तो ओलांडला नाही, कळवला. तपासात असे आढळले की सायबरोमच्या सर्व उपकरणांत मूळ प्रमाणपत्राची खासगी कळ एकच होती. म्हणजे एका कार्यालयाने आपल्या संगणकांवर ते प्रमाणपत्र विश्वासार्ह म्हणून घातले की, तसेच उपकरण बाळगणारा दुसरा कोणीही त्या संगणकांची वाहतूक उलगडू शकत होता. जुलै २०१२ मध्ये ही बाब जाहीर झाल्यावर ती कळही कोणीतरी प्रसिद्ध करून टाकली. त्यानंतर कंपनीने प्रत्येक उपकरणासाठी वेगळी कळ निर्माण करणारी दुरुस्ती पुरवली. २०१४ मध्ये सोफोस या ब्रिटिश कंपनीने सायबरोम विकत घेतली.

यावरून फायरवॉल सांभाळणाऱ्यांसाठी दोन गोष्टी निघतात. मूळ प्रमाणपत्र त्या उपकरणाचे स्वतंत्र असल्याची खात्री करून ते कार्यालयाच्या संगणकांवर मध्यवर्ती धोरणाद्वारे घालावे. प्रत्येक कर्मचाऱ्याला ‘प्रगत’ दाबून पुढे जायला शिकवू नये. आणि बँका, आरोग्यसेवा व करभरणा यांची संकेतस्थळे तपासणीतून वगळावीत. अशी तपासणी होते हे कर्मचाऱ्यांना लेखी सांगितलेले असणे हे सभ्यतेचे किमान लक्षण आहे. बऱ्याच ठिकाणी तेवढेही घडत नाही.

महाविद्यालयांच्या व वसतिगृहांच्या वायफायवर आणखी एक प्रकार आढळतो. तेथे आधी नाव व संकेतशब्द देण्याचे पान उघडावे लागते. वापरकर्त्याने दुसरेच संकेतस्थळ मागितले असता वायफायची यंत्रणा त्या जागी आपले पान घुसवू पाहते, आणि नाव जुळत नसल्याने ब्राउझर इशारा देतो. अशा वेळी इशारा ओलांडण्याऐवजी ‘एचटीटीपी’ने सुरू होणारा, कूटबद्ध नसलेला एखादा पत्ता उघडावा किंवा मोबाइलने दाखवलेल्या ‘साइन इन’ सूचनेवर जावे.

अंतर्गत उपकरणे आणि स्वतःचाच संगणक

राउटर, हजेरीचे बोटठसा यंत्र, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर किंवा कार्यालयातील फाइलसर्व्हर यांचे व्यवस्थापन-पान ‘१९२.१६८.१.१’ यासारख्या अंकी पत्त्यावर उघडते. त्या यंत्राने स्वतःचे प्रमाणपत्र स्वतःच तयार केलेले असते. विद्यार्थ्याने स्वतःच्या दाखल्यावर स्वतःच सही करावी तसे. असे अंतर्गत पत्ते जगात लाखो ठिकाणी तेच असल्यामुळे सार्वजनिक प्रमाणन संस्था त्यांना प्रमाणपत्र देत नाहीत. नोव्हेंबर २०१५ पासून अंतर्गत नावांसाठी असे प्रमाणपत्र देणे पूर्ण बंद आहे. लहान कार्यालयात, यंत्र समोर आहे आणि तार त्यालाच जोडलेली आहे अशा वेळी येथील इशारा ओलांडणे क्षम्य होय. मोठ्या कार्यालयाने स्वतःची अंतर्गत प्रमाणन व्यवस्था उभारावी; विंडोज सर्व्हरमध्ये तशी सोय आहे. हाताने प्रमाणपत्र तयार करताना नाव ‘पर्यायी नावे’ या रकान्यात घालण्यास विसरू नये. २०१७ मधील ५८व्या आवृत्तीपासून क्रोम केवळ तोच रकाना पाहतो, आणि जुन्या पद्धतीची प्रमाणपत्रे नाव बरोबर असूनही नाकारली जातात.

वस्तू व सेवा कर भरणाऱ्यांना भेटणारा इशारा मात्र वेगळा समजून घ्यावा लागतो. मार्केट यार्डातील गुळाचे अडते असोत, हुपरीचे चांदी व्यावसायिक असोत वा त्यांचे करसल्लागार, ज्यांना विवरणपत्रावर अंकीय स्वाक्षरी करायची असते त्यांना संगणकावर एमसाइनर ही आज्ञावली बसवावी लागते. ब्राउझर तिच्याशी ‘१२७.०.०.१’ या पत्त्यावर, १५८५ क्रमांकाच्या पोर्टवरून बोलतो, आणि तो पत्ता एकदा उघडून इशारा स्वीकारल्याशिवाय स्वाक्षरी होत नाही. येथे काळजी करण्याचे कारण नाही, कारण १२७.०.०.१ म्हणजे तोच संगणक. मागणी यंत्राबाहेर जात नाही, त्यामुळे वाटेत ती अडवणारा कोणी नसतो. परंतु याचा एक दुष्परिणाम संभवतो. शासकीय कामासाठी ‘प्रगत’ दाबून पुढे जायचे असते, हा धडा एकदा गिरवला की तोच हात बँकेच्या पानावरही तसाच चालतो.

संकेतस्थळाचे दोष

मुदत संपणे हा यांतील सर्वांत सामान्य आणि सर्वांत लाजिरवाणा दोष. नूतनीकरणाचा ईमेल बदली झालेल्या किंवा निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर जात राहतो आणि एका सकाळी संकेतस्थळ सगळ्यांसाठी बंद पडते. वापरकर्त्याच्या हाती यावर काहीच नसते.

मध्यस्थ प्रमाणपत्र सर्व्हरवर ठेवायचे राहून गेले तर बुचकळ्यात टाकणारी लक्षणे दिसतात. क्रोम ते मध्यस्थ प्रमाणपत्र स्वतः शोधून आणतो, त्यामुळे संगणकावर पान उघडते. एखाद्या आज्ञावलीतून मात्र उघडत नाही. ‘माझ्याकडे चालते’ हे उत्तर अशा वेळी निरुपयोगी असते.

जुन्या संगणकांवर आणखी एक कारण असते : विश्वासयादीच शिळी झालेली असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या विनामूल्य प्रमाणन संस्थेच्या साखळीतील एक जुने मूळ प्रमाणपत्र कालबाह्य झाले, आणि अद्ययावत न केलेल्या अनेक यंत्रांवर चांगली संकेतस्थळे नाकारली जाऊ लागली. विंडोज आपली यादी गरजेनुसार मायक्रोसॉफ्टकडून आणत असते. काटकसरीसाठी फायरवॉलवर विंडोज अपडेट अडवून ठेवणारी कार्यालये नकळत हा मार्गही बंद करतात. विंडोज ७ ला मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि क्रोमची १०९वी आवृत्ती ही त्यावर चालणारी शेवटची. अशा संगणकावरील इशाऱ्यांवर टिकाऊ उपाय नाही.

बँकांच्या बाबतीत नावाचा प्रश्न अलीकडे नव्याने उभा राहिला. रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाद्वारे सर्व बँकांना, सहकारी बँकांसह, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली येण्यास सांगितले. जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवण्याची सोय केलेली असली, तरी ब्राउझर आधी जुन्या नावाचे प्रमाणपत्र तपासतो आणि मगच पुढे जातो. ते प्रमाणपत्र संपू दिले तर ग्राहकाला नव्या पत्त्याऐवजी इशारा दिसतो. म्हणून कोल्हापूरसारख्या, सहकारी बँका मोठ्या संख्येने असलेल्या जिल्ह्यात ग्राहकांनी जुनी पानखूण काढून नवा पत्ता जतन करणे इष्ट. पतसंस्था या बँका नसल्यामुळे हे राखीव नाव त्यांना लागू नाही.

भारतीय मूळ प्रमाणपत्र आणि २०१४ चे प्रकरण

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १७ नुसार केंद्र शासन प्रमाणन प्राधिकाऱ्यांच्या नियंत्रकाची नेमणूक करते. या नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र हे देशातील अंकीय स्वाक्षऱ्यांच्या साखळीचे टोक होय. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र हेही या साखळीतील एक प्रमाणन प्राधिकारी होते आणि शासकीय संकेतस्थळांना प्रमाणपत्रे देत असे. मायक्रोसॉफ्टने हे मूळ प्रमाणपत्र आपल्या यादीत घेतले होते. फायरफॉक्सच्या यादीत ते नव्हते. परिणामी तेच शासकीय पान इंटरनेट एक्सप्लोररमध्ये निमूट उघडे आणि फायरफॉक्समध्ये इशारा देई. दोष संकेतस्थळाचाही नव्हता आणि ब्राउझरचाही नव्हता; कोणाची सही मानायची यावर दोघांचे एकमत नव्हते.

२ जुलै २०१४ रोजी गूगलला असे आढळले की आपल्या काही संकेतस्थळांच्या नावे, आपल्याला न विचारता, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या अधिकाराने प्रमाणपत्रे दिली गेली आहेत. अशा प्रमाणपत्राच्या आधारे विंडोजवर इंटरनेट एक्सप्लोररपुढे कोणीही गूगल म्हणून उभे राहू शकला असता आणि कोणताही इशारा आला नसता. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी केंद्राची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली. चौकशीनंतर केंद्राच्या प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेत बाहेरून शिरकाव झाल्याचे आणि चार प्रमाणपत्रे गैरमार्गाने दिली गेल्याचे सांगण्यात आले : तीन गूगलच्या व एक याहूच्या नावांसाठी. याशिवायही तशी प्रमाणपत्रे आपल्याला माहीत आहेत, असे गूगलने जाहीर केले. १० जुलै रोजी मायक्रोसॉफ्टने ४५ प्रमाणपत्रांवरील विश्वास काढून घेतला. क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्राची मान्यता ‘गव्ह डॉट इन’, ‘एनआयसी डॉट इन’, ‘एसी डॉट इन’ आणि रिझर्व्ह बँकेसह मोजक्या पत्त्यांपुरती मर्यादित केली. नेदरलँड्समधील डिजीनोटार या प्रमाणन संस्थेत २०११ मध्ये असाच शिरकाव झाला होता आणि ती संस्था त्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली.

आज शासकीय संकेतस्थळे सामान्यतः व्यावसायिक संस्थांची प्रमाणपत्रे वापरतात. बंगळुरूच्या ईमुद्रा या कंपनीची मूळ प्रमाणपत्रे ब्राउझरांच्या यादीत स्वतंत्रपणे समाविष्ट झाली आहेत. क्रोमने २०२२ पासून विंडोजवर स्वतःची विश्वासयादी वापरण्यास सुरुवात केली, मात्र संस्थेने संगणकात घातलेली अंतर्गत मूळ प्रमाणपत्रे तो आजही मानतो.

या प्रश्नाची एक सावली मात्र रोज दिसते. अंकीय स्वाक्षरी केलेला सातबारा किंवा उताऱ्याची पीडीएफ उघडली असता स्वाक्षरीवर पिवळे प्रश्नचिन्ह आणि वैधता अज्ञात असल्याचा शेरा येतो, आणि ‘हा उतारा खोटा आहे का?’ अशी विचारणा होते. प्रश्नचिन्हाचा अर्थ खोटा असा नाही. वाचणाऱ्या आज्ञावलीच्या विश्वासयादीत नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र नसले की ती स्वाक्षरी पडताळू शकत नाही. ते मूळ प्रमाणपत्र नियंत्रकांच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेऊन यादीत घातले की प्रश्नचिन्ह जाऊन बरोबरची खूण येते. मजकुरात फेरफार झालेला असेल तर मात्र लाल फुली येते, आणि तिचा अर्थ स्पष्ट आहे.

इशारा कधी ओलांडू नये

बँक, ईमेल, करभरणा, वेतन व शासकीय लॉगिन यांच्या पानावर इशारा आल्यास कारण समजेपर्यंत पुढे जाऊ नये, मग काम कितीही तातडीचे असो. काही संकेतस्थळांवर पुढे जाण्याचा दुवाच नसतो. त्या संकेतस्थळांनी ब्राउझरला ‘आमच्याशी केवळ सुरक्षित जोडणीनेच बोला’ असे आधी बजावलेले असते. २०१२ पासून तसे मानक आहे. तेथे दुसरा ब्राउझर शोधून पळवाट काढणे म्हणजे दाराला कुलूप आहे म्हणून खिडकी फोडणे होय.

कोणीतरी पाठवलेले मूळ प्रमाणपत्र, इशारा जावा म्हणून, संगणकाच्या विश्वासयादीत घालू नये. एक इशारा ओलांडण्याने एका संकेतस्थळापुरता धोका पत्करला जातो. परके मूळ प्रमाणपत्र घातल्याने त्याच्या मालकाला जगातील कोणत्याही संकेतस्थळाचे सोंग घेण्याची मुभा मिळते. विंडोजमध्ये ही यादी ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज’ या नावाखाली पाहता येते, आणि कार्यालयातील जुन्या संगणकांवर ती अधूनमधून नजरेखालून घालावी.

इशारा ओलांडून संकेतशब्द दिला गेला असेल, तर मोबाइल डेटावरून तो तत्काळ बदलावा व बँकेला कळवावे. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. इशाऱ्याच्या पानाचे छायाचित्र, वेळ आणि प्रमाणपत्र देणाऱ्याचे नाव जतन केलेले असल्यास तपासाला मदत होते.

प्रमाणपत्रांची घटती मुदत

१ सप्टेंबर २०२० पासून ब्राउझर ३९८ दिवसांहून अधिक मुदतीची नवी सार्वजनिक प्रमाणपत्रे मानत नाहीत. प्रमाणन संस्था व ब्राउझर-निर्माते यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरवण्याचे ठरवले : १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. वर्षातून एकदा हाताने प्रमाणपत्र बदलणाऱ्या नगरपालिका, महाविद्यालये आणि लहान बँकांना हे काम स्वयंचलित यंत्रणेकडे सोपवावे लागेल. तोवर मुदत संपल्याचे इशारे वाढण्याचीच शक्यता अधिक आहे.